तुमचे प्रश्न : सायन्स शो संपला, आता पुढे काय?

मुलांसाठीच्या विज्ञान कार्यशाळा, सायन्स शो, घरी करायचे प्रयोग यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता म्हणून काही एकत्र केलेत, आणि ज्याला जेवढी जागा लागते तेवढी दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याला एका सायन्स शोला घेऊन गेले होते. फेसाचा फवारा, धुराची वलयं, स्टेजवरून खाली वाहणारा पांढरा धूर, तासभर नुसत्या टाळ्या वाजवत होता. घरी आल्यावर विचारलं काय शिकलास, तर म्हणाला "खूप धूर आला". बस्स, एवढंच. मग हे शो म्हणजे नुसती करमणूकच ना? — एक आई

उत्तर : ताई, तासभर एका जागी बसून टाळ्या वाजवल्या हे मुळीच कमी समजू नका. मायकेल फॅरडे, ज्याच्या शोधावर आजची वीजनिर्मिती उभी आहे तो, लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम झालेली, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करायचा. १८१२ साली त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली, आणि ती व्याख्यानं म्हणजे त्या काळचे सायन्स शोच होते, समोर प्रयोग करून दाखवायचे आणि बघायला गर्दी व्हायची. फॅरडेने घरी येऊन सगळं लिहून काढलं, आकृत्या काढल्या, स्वतःच बाइंडिंग केलं आणि ती वही थेट डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो तिथे असिस्टंट म्हणून लागला. नंतर त्याच संस्थेत १८२५ पासून नाताळच्या सुट्टीतली व्याख्यानं सुरू झाली ती त्याच्याच पुढाकाराने, आणि महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ती आजही चालू आहेत. म्हणजे शो बघून माणूस कुठल्या कुठे जाऊ शकतो. पण फॅरडे नुसता बघून थांबला नाही, घरी जाऊन हाताने काहीतरी करत बसला, सगळा फरक तिथे पडला.

तुमची तक्रार खरी आहे, फक्त ती मुलाबद्दल नाही, शोबद्दल आहे. बऱ्याच शोमध्ये निवेदक विचारतो "बघायचंय का?", मुलं ओरडतात "हो!", आणि फवारा उडतो. मधे एक गोष्ट राहून जाते, "काय होईल असं तुला वाटतं?" हे कोणी विचारतच नाही. मुलाने एकदा मनात अंदाज बांधला ना, की पुढचा प्रयोग त्याचा स्वतःचा होतो, मग तो बरोबर निघो की चूक, त्याला त्यात रस असतो. अंदाज न बांधता बघितलेला फवारा म्हणजे फटाका, उडाला आणि संपला.

आणि "काय शिकलास" हा प्रश्न मुलाला परीक्षेसारखा वाटतो, तो विचारू नका. त्याऐवजी विचारा, "तो पांढरा धूर खाली जमिनीकडे का वाहत होता रे, आपण बघतो तो धूर तर वर जातो?" बघा कसा विचार करायला लागतो. (तो ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असणार, हा वायू मुळात हवेपेक्षा जड आणि त्यात गार, म्हणून खाली बसतो, आणि दिसतं ते पांढरं म्हणजे हवेतल्या वाफेचे बारीक थेंब. पण हे त्याला लगेच सांगून टाकू नका.)

आता घरी काय करायचं, तर एक मेणबत्ती घ्या. फॅरडेने १८६० च्या नाताळात अख्खी व्याख्यानमाला एका मेणबत्तीवर दिली होती, त्यामुळे एक संध्याकाळ तर सहज जाईल. मोठं माणूस शेजारी पाहिजे, मोकळे केस बांधलेले, आणि पंखा बंद, हवा हलता कामा नये. मेणबत्ती जरा वेळ जळू द्या, मग हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. दुसरी काडी पेटवून ती वातीला न लावता, वातीच्या वर बोटभर अंतरावर त्या रेघेत धरा. ज्योत रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते, काडी वातीला लागलेली नसताना. मुलं हमखास ओरडतात "धूर पेटला!" आणि ते बरोबरच आहे, कारण ती रेघ म्हणजे मेणाची वाफ गार होऊन झालेले थेंब. मग विचारा, वाफच जळते तर वात कशाला लागते? नुसत्या मेणाच्या गोळ्याला काडी लावली तर तो का पेटत नाही? इथे गप्प बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं, हे सगळ्यात अवघड काम आहे.

दुसरा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. आपल्याला सांगितलेलं कारण काय, तर ऑक्सिजन जळून गेला आणि त्याच्या जागी पाणी आलं, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश म्हणून पाणीही तेवढंच चढतं. हे कारण चुकीचं आहे आणि अजून सर्रास सांगितलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑक्सिजन जळतो तेव्हा त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, जागा काही रिकामी होत नाही. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. खरं होतं ते असं, ग्लास खाली आणताना ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निघून जाते, कधीकधी ग्लासच्या कडेखालून बुडबुडे येताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आतली वाफही थिजते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. म्हणूनच पाणी चढतं ते मुख्यतः ज्योत विझल्यावर, ती जळत असताना नाही. हे मुलाला सांगायची गरजच नाही, त्याला फक्त म्हणा, "पाणी नक्की कधी चढतं ते बघ". मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, ग्लास तोच ठेवा, आणि आधी अंदाज लिहून घ्या. ग्लास तोच म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, म्हणजे पाणी तेवढंच चढायला पाहिजे ना? चढतं जास्त. एवढं त्याने स्वतः बघितलं की पुस्तकातलं कारण त्याच्या डोळ्यासमोर कोसळतं, आणि हा आनंद कुठल्याही फवाऱ्यापेक्षा मोठा असतो, मी मुलांचे चेहरे बघितलेत म्हणून सांगते.

प्रश्न : सायन्स शोला "विज्ञानाची जादू" म्हणावं का? आमच्याकडे यावर वाद झाला. — कार्यशाळा घेणारा एक गट

उत्तर : नावावर भांडू नका. जादूगार गुपित ठेवतो, तुम्ही कार्यक्रम संपताना सगळं सामान टेबलावर उघडं ठेवा आणि मुलांना जवळ येऊन हात लावू द्या, एवढं केलंत की झालं. जे उघडून दाखवता येणार नाही ते मुलांच्या शोमध्ये ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या वर्गात ६० मुलं आहेत, प्रयोगशाळा नाही, तास ३५ मिनिटांचा. हँड्स-ऑन वगैरे ऐकायला छान वाटतं पण मी एकटी हे करू कसं? साहित्य कुठून आणू? आणि वर्गात गोंधळ झाला की शेजारच्या वर्गाची तक्रार येते ती वेगळीच. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमची अडचण शंभर टक्के खरी आहे आणि तुम्ही एकट्या आहात हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणून असा प्रयोग सांगते ज्याला दोरी, दगड आणि सेकंद दाखवणारं कुठलंही घड्याळ एवढंच लागतं. लंबक. चार-चार जणांचे १५ गट करा. एकाने दोरी धरायची, बाकाच्या कडेला पेन्सिल घट्ट धरून तिला बांधली तर उत्तम, दुसऱ्याने दगड सोडायचा, तिसऱ्याने झोके मोजायचे, चौथ्याने घड्याळ बघून लिहायचं. घड्याळ सगळ्या गटांना नसेल तर तुम्ही पुढे उभं राहून "सुरू" आणि "थांबा" म्हणा आणि तेवढ्या वेळात किती झोके झाले ते मुलं मोजतील, तेही चालतं.

सुरुवातीला हात वर करायला लावा : दगड जड घेतला तर झोका लवकर होईल, उशिरा होईल की तेवढाच वेळ लागेल? आकडे फळ्यावर लिहा आणि तसेच ठेवा. मग दगड बदलून बघा. झोका छोटा ठेवायचा, आणि लांबी मोजायची ती वरच्या गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत, नाहीतर मोठा दगड लावला की लांबी बदलते आणि मुलांना वाटतं वजनाने फरक पडला. लांबी सारखी असेल तर वजनाने काही फरक पडत नाही. वर्गाचा विश्वास बसत नाही, पुन्हा पुन्हा करून बघतात, करू द्या.

मग लांबी बदला. १ मीटर दोरीला १० पूर्ण झोक्यांना साधारण २० सेकंद लागतात. आता विचारा, दोरी अर्धी केली, ५० सेंटिमीटर, तर किती? बहुतेक पोरं म्हणतात १०. येतात १४ च्या आसपास. १० पाहिजे असतील तर दोरी २५ सेंटिमीटरवर आणावी लागते. म्हणजे वेळ अर्धा करायला लांबी पाव. सहावी-सातवीच्या मुलांना हे सूत्राशिवाय हाताला लागतं, आणि पुढे नववी-दहावीत वर्गमूळ दिसलं की ते ओळखीचं वाटतं.

यातला सगळ्यात भारी भाग वेगळाच आहे. एका गटाला २० येईल, एकाला १८, एकाला १०, आणि वर्गात भांडण सुरू होईल. तुम्ही लगेच निवाडा देऊ नका, त्या गटाला सगळ्यांसमोर मोजून दाखवायला सांगा. १८ वाल्यांनी दगड सोडतानाच "एक" म्हटलेलं असतं, म्हणजे त्यांचे झोके नऊच झाले, सोडताना "शून्य" म्हणायला पाहिजे. १० वाल्यांनी नुसतं जाणं एक झोका धरलं, जाऊन परत येणं नाही. हे मुलांनीच मुलांमध्ये शोधून काढलं की मोजमाप म्हणजे काय ते त्या दिवशी कळतं, मग कितीही व्याख्या पाठ करा त्याची सर येत नाही. ३५ मिनिटांत सगळं होणार नाही, दोन तासांत वाटून घ्या, पहिल्या दिवशी वजन, दुसऱ्या दिवशी लांबी. गोंधळाचं म्हणाल तर शेजारच्या वर्गाच्या बाईंना एकदा आत बोलावून एका गटात बसवा.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे मित्र मिळून शाळांमध्ये सायन्स शो करणार आहोत. लिक्विड नायट्रोजन, ड्राय आइस, रंगीत ज्वाळा असं सगळं घ्यायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? — विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी

उत्तर : दादा, उत्साह चांगला आहे, पण यादीतली एक गोष्ट आत्ताच खोडून टाक. मिथेनॉलमध्ये क्षार टाकून रंगीत ज्वाळा दाखवायचा तो प्रयोग. त्यात ज्योत विझल्यासारखी वाटते म्हणून कोणीतरी बाटलीतून अजून मिथेनॉल ओततं आणि आगीचा लोळ बाटलीतून थेट पुढच्या रांगेवर जातो. यात शाळेतली मुलं भयंकर भाजली आहेत, आणि अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्ये हा प्रयोग बंदच करा असं सांगितलं होतं. ज्वाळांचे रंग दाखवायचेच असतील तर काडीचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून बर्नरच्या ज्योतीत धर, सोडियमचा पिवळा रंग लांबूनही दिसतो.

लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो आणि १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. छोट्या बंद खोलीत तो सांडला तर ऑक्सिजन कमी पडतो आणि ते कळतही नाही, कारण त्याला वास नाही, रंग नाही. त्यामुळे ज्याने रीतसर ट्रेनिंग घेतलंय असा माणूस सोबत नसेल तर हातच लावू नका. ड्राय आइस उणे ७८ च्या आसपास, उघड्या हाताने उचलायचा नाही, आणि तो किंवा नायट्रोजन झाकण लावलेल्या बाटलीत कधीही, अगदी गंमत म्हणूनही, भरायचा नाही, बाटली फुटते. फेसाच्या प्रयोगाला ३० टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतो असं व्हिडिओत दिसतं, तो कातडी जाळतो. मुलांसमोर ३ टक्क्यांचा आणि यीस्ट वापरा, फेस कमी उंच जाईल पण मूल त्या बाटलीला हात लावून गरम झालीय हे बघू शकेल. गॉगल तुम्हीही घालायचा आणि पुढे बोलावलेल्या मुलालाही द्यायचा.

खरं सांगायचं तर सभागृह डोक्यावर घेणारे प्रयोग बिनधोकाचेही असतात. मोठ्या प्लास्टिकच्या बादलीच्या तळाला मधोमध गोल भोक पाड, तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून बसव आणि त्यावर थाप मार, हवेचं वलय सुटतं आणि बऱ्याच अंतरावरचे कागदी कप पाडतं. शेवटच्या रांगेतल्या मुलाच्या केसांना हवा लागली की तो उठून उभा राहतो. आधी आत धूर न भरता कर, कप कशाने पडला यावर वाद होऊ दे, आणि मगच धूर भरून वलय दाखव.

प्रश्न : महागडे सायन्स किट घ्यावेत की घरच्या सामानातून करावं? — बरेच पालक

उत्तर : किट वाईट नसतं. बघायचं एवढंच, की मुलाला त्यात काही बदलता येतं का. कागदावर लिहिल्याप्रमाणे जोडलं, चाललं, कपाटात गेलं, असं असेल तर ते खेळणं आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे घेऊन वेगळंच काही करता आलं तर घ्या.

स्वस्त साहित्याबद्दल शंका असेल तर होशंगाबादचं उदाहरण बघा. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, मुलांनी प्रयोग करूनच विज्ञान शिकायचं आणि तेही आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून, असा त्याचा आग्रह होता. तिथेच अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आकार बनवायला सुरुवात केली. घरी करून बघा, काड्यांचं गुल आधी काढून टाका. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच लवंडतो. त्यात पाचवी काडी कर्णासारखी बसवायला गेलात तर ती आखूड पडते. आखूड का पडली, हा प्रश्न मुलानेच विचारायला पाहिजे, आणि तो विचारतो. मग पूल आणि विजेचे टॉवर त्रिकोणांचे का असतात ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : कार्यशाळेत मुलगे स्क्रूड्रायव्हर पटकावतात आणि मुली लिहायचं काम घेतात. मुलींनाच ते आवडतं असं वाटतं. — एक स्वयंसेवक

उत्तर : आवडतं म्हणून नाही, अक्षर चांगलं आहे म्हणून त्यांच्याकडे दिलं जातं आणि त्या नाही म्हणत नाहीत. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवा आणि कामं बदला, वही मुलांकडे, हत्यारं मुलींकडे. पहिल्यांदा कुरकुर होते, नंतर कोणाला आठवतही नाही. याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका.

प्रश्न : नात सात वर्षांची आहे, दिवसभर "का" विचारते. मी कॉमर्सचा, मला निम्म्या गोष्टी येत नाहीत. तिला चुकीचं सांगितलं तर? — एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुम्हाला उत्तर येत नाही हेच तुमचं भांडवल आहे, कारण मग तुम्ही तिच्यासोबत शोधता. "मला नाही माहीत, आपण करून बघूया का?" हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं मूल आयुष्यभर प्रश्न विचारतं. एक संत्रं घ्या, बादलीत टाका, तरंगतं. आता सोलून टाकलं तर? तिला आधी विचारा. बहुतेक मुलं म्हणतात साल काढली की हलकं झालं, म्हणजे अजून वर येईल. ते बुडतं. साल स्पंजसारखी असते, तिच्यात हवा भरलेली असते. पण तुम्ही आधी तिचं कारण ऐका, तिचं काहीतरी भन्नाट असेल, आणि ते खरं की खोटं हे तपासायला अजून काय काय बुडवावं लागेल ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग ठेवला होता, पण पाऊस होता आणि कपटे उचललेच गेले नाहीत. सगळे हसले. पुढच्या महिन्यात परत प्रदर्शन आहे, प्रयोग बदलू का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : अजिबात बदलू नकोस, तुझ्याकडे आता जास्त चांगला प्रयोग आहे. हवेत ओल असली की वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि कंगव्यावर साठलेला भार त्यातून निघून जातो, म्हणून कपटे हलत नाहीत. तेच दाखव. दोन सारखे प्लास्टिकचे कंगवे घे, एक हेअर ड्रायरने किंवा उन्हात नीट वाळव, दुसऱ्यावर तोंडाची वाफ सोड, आणि दोन्ही लोकरीच्या कोरड्या कापडावर सारखेच वेळा घास. कोणता किती कपटे उचलतो ते मोजून तक्त्यावर लिही. जमलं तर आत्तापासून रोज एकदा कर आणि त्या दिवशी हवा कोरडी होती की पाऊस होता ते शेजारी नोंदव, महिनाभराच्या नोंदी स्टॉलवर लाव. परीक्षक आले की आधी त्यांनाच विचार कोणता कंगवा जिंकेल, आणि घासायलाही त्यांनाच दे. केसांवर करणार असशील तर त्या दिवशी तेल लावू नकोस, आणि कपटे टिश्यू पेपरचे कर, वहीच्या कागदापेक्षा ते खूप हलके असतात.